हरवलेले वाटणीपत्र

मराठी माणसाला वाटणी हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. वाड्याची वाटणी, शेताची वाटणी, विहिरीच्या पाण्याची वाटणी, फार काय देवघरातील टाकांचीही वाटणी आपल्याकडे होत आली आहे. संगणकाच्या स्मृतीचीही अशीच वाटणी होते, व त्या धंद्यातील मंडळी तिला 'पार्टिशन' म्हणतात. एवढे सांगितले म्हणजे विषयाचा निम्मा परकेपणा कमी होतो. उरलेला निम्मा मात्र समजून घ्यावा लागतो. कारण वाड्याची वाटणी भिंत घालून होते आणि संगणकाच्या स्मृतीत भिंत कोठेच नसते. तेथे असते केवळ एक वाटणीपत्र. ते वाटणीपत्र फाटले म्हणजे सगळा वाडाच नाहीसा झाल्याचा भास होतो, आणि तो भास खरा मानून माणूस जे काही करून बसतो त्याने वाडा खरोखरच नाहीसा होतो.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एखादे जुने मराठी घर श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. गायकवाडी अमदानीत कोणी पूर्वज सरकारी खात्यात नोकरीस लागले, येथेच राहिले, आणि त्यांच्या मागे मोडी पत्रांचे दोन रुमाल तेवढे राहिले. घरात मोडी वाचणारे शेवटचे म्हणजे आजोबा. दोन पावसाळ्यांपूर्वी नातवाने त्यांना समोर बसवून एकेक पत्र मोठ्याने वाचावयास लावले व ते वाचन ध्वनिमुद्रित केले. अक्षर लागेनासे झाले की आजोबा थांबतात, चष्मा पुसतात, मध्येच पत्रातला माणूस कोणाचा कोण तेही सांगतात. आता आजोबा नाहीत. पत्रे कपाटात आहेत. परंतु ती वाचणारा आवाज राहिला आहे तो तळहाताएवढ्या एका संगणकफळीवरील नखाएवढ्या चिपेत. आजी रोज दिवेलागणीला त्यातले एखादे पत्र ऐकते.

एका रविवारी नातवाला वाटते की जागा अपुरी पडू लागली आहे, तेव्हा वाटणी जरा बदलावी. तो जुनी वाटणी पुसतो, नव्या पद्धतीचे कोरे वाटणीपत्र लिहितो आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो. यंत्र सुरू होत नाही. पडदा काळा, दिवा स्थिर. आजी विचारते, "पत्रे कुठे गेली रे?" ह्या प्रश्नाचे खरे उत्तर काय, हाच ह्या भाषणाचा विषय आहे.

ज्या चिपेत तो आवाज साठविलेला आहे तिला 'ईएमएमसी' म्हणतात. १९९७ साली सॅनडिस्क व सीमेन्स ह्या कंपन्यांनी मल्टिमीडिया कार्ड नावाचे एक छोटे स्मृतिकार्ड पुढे आणले. त्याचीच ही फळीला कायमची डाख दिलेली भावंड होय. स्वस्त फोन, दूरचित्रवाणीचे संच, मोटारींतील पडदे, कारखान्यांतील नियंत्रक ह्या सर्वांच्या पोटात ती असते. तिच्या मुळाशी फ्लॅश स्मृती आहे. जपानातील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका ह्यांनी १९८४ साली ती शास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडली. तिच्यातील माहितीचा मोठा तुकडा एका क्षणात पुसला जातो, म्हणून कॅमेऱ्याच्या लखलखाटावरून हे नाव एका सहकाऱ्याने सुचविले. दादासाहेब फाळके ज्या शहरातील कलाभवनात शिकले, त्या वडोदऱ्याला हे नाव विशेष परके वाटू नये.

ह्या लखलखाटातच फ्लॅशचा स्वभाव दडलेला आहे. पाटीवर पेन्सिलीने एक अक्षर पुसून दुसरे लिहिता येते. फ्लॅशवर तसे करता येत नाही. तेथे लिहावयाचे ते पानापानाने, पण पुसावयाचे ते शेकडो पानांचा गठ्ठा एकदम. शिवाय प्रत्येक गठ्ठा काही ठराविक वेळाच पुसला जाऊ शकतो; पुढे तो झिजतो. म्हणून चिपेच्या आत एक लहानसा कारभारी बसविलेला असतो. बाहेरून कोणी 'अमुक क्रमांकाच्या खणात लिही' असे सांगितले तरी तो आपल्या सोयीने भलत्याच गठ्ठ्यात लिहितो व आपल्या खाजगी वहीत नोंद ठेवतो. झीज सर्वत्र सारखी व्हावी हा त्याचा हेतू. बाहेरच्या माणसाला हा कारभारी दिसत नाही. परंतु पुढे अडचण आली म्हणजे त्याची आठवण ठेवावी लागते.

आता वाटणीपत्राकडे वळू. त्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. जुनी पद्धत 'एमबीआर', म्हणजे साठ्याच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत बसणारी. त्यांपैकी पहिले ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, पुढील ६४ वाटणीच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ सही-शिक्क्यासाठी. एका नोंदीला १६ बाइट लागत असल्याने मूळ हिस्सेदार चारच. पाचवा भाऊ आला की पोटहिस्से पाडावे लागतात. नवी पद्धत 'जीपीटी'. तिच्यात सामान्यतः १२८ नोंदींना जागा राखलेली असते, आणि वाटणीपत्राच्या दोन प्रती असतात, एक आरंभी व दुसरी अगदी शेवटी. जुन्या वाड्यांचे कागद एक प्रत थोरल्याकडे व एक धाकट्याकडे ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. लहान चिपेची हुबेहूब नक्कल मोठ्या चिपेवर उतरविली असता ही दुसरी प्रत शेवटी न राहता मध्येच कोठेतरी पडते व संगणक तक्रार करतो. पुष्कळ जण तेवढ्यानेच घाबरतात. वास्तविक तेथे काहीही बिघडलेले नसते. दुसरी प्रत उचलून शेवटी नेऊन ठेवण्याची परवानगी तेवढी द्यावयाची असते.

वाटणीपत्र हरवले म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे उदाहरण सर्वांत चांगले. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालाला बोलावून घेतले व ह्या संस्थानाच्या ग्रंथालयांची घडी बसविली. मांडवीजवळच्या त्या इमारतीतील पोलादी मांडण्या आणि मजल्यामजल्यांमधील काचेच्या फरश्या पाहिलेला माणूस त्या विसरत नाही. वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून जमीनच काचेची! आता समजा, एका रात्री तेथील यादीची सगळी कार्डे कोणी पळविली. सकाळी आलेला वाचक म्हणेल, "ग्रंथालय रिकामे झाले." परंतु मांडणीवरचे एकही पुस्तक हललेले नसते, आणि प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव छापलेलेच असते. कोणी चिकाटीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला व एकेक मुखपृष्ठ वाचीत गेला, तर यादी पुन्हा तयार होईल. 'टेस्टडिस्क' नावाची, ख्रिस्तोफ ग्रनिए ह्यांनी लिहिलेली व कोणालाही विनामूल्य मिळणारी आज्ञावली नेमके हेच करते. प्रत्येक हिस्स्याच्या आरंभी त्या हिस्स्याची स्वतःची पाटी असते. तीवर त्याचा प्रकार व आकार कोरलेला असतो. त्या पाट्या शोधून वाटणीपत्र पुन्हा जुळविता येते.

म्हणून आजीच्या प्रश्नाला नातवाचे पहिले प्रामाणिक उत्तर असे की, "आजी, पत्रे गेली नाहीत, ती कुठे ठेवली आहेत हे सांगणारे पान गेले आहे." आजीला हे उत्तर पटेलच असे नाही.

परंतु मग यंत्र सुरू का होत नाही? केवळ यादी गेली तर दारही उघडू नये, हे कसे? येथे ह्या विषयातील खरी गंमत आहे, आणि अनेक हुशार मुले येथेच फसतात. मोठ्या संगणकात यंत्र जागे करणारी आज्ञावली फळीवरील स्वतंत्र चिपेत असते. अशा छोट्या फळ्यांत पुष्कळदा ती त्याच साठ्यात, कोणत्याही हिस्स्यात न मोडणाऱ्या आरंभीच्या मोकळ्या पट्ट्यात लिहिलेली असते. वाड्याची वाटणी झाली तरी दिंडीदरवाजा व देवडी कोणाच्याच हिश्श्याला जात नाही, तसा हा पट्टा. उदाहरणार्थ, ऑलविनर कंपनीचा प्रोसेसर असलेल्या फळ्यांत प्रोसेसर जागा होताच साठ्याच्या आरंभापासून ८ किलोबाइटांवर, म्हणजे ८१९२व्या बाइटापासून, ती आज्ञावली शोधतो. जुने एमबीआर वाटणीपत्र पहिल्या ५१२ बाइटांतच आटोपत असल्याने देवडीला त्याचा उपद्रव नसे. जीपीटीचे तसे नाही. तिच्या नोंदी १०२४व्या बाइटापासून सुरू होतात, आणि १२८ नोंदी प्रत्येकी १२८ बाइटांच्या, म्हणजे एकूण १६,३८४ बाइट. ही यादी १७,४०८व्या बाइटापर्यंत पसरते. देवडी बरोबर तिच्या मध्यावर येते! नव्या पद्धतीचे वाटणीपत्र लिहिताक्षणीच जुना दरवाजा त्याच्याखाली गाडला गेला. नातवाने कोणताही हिस्सा पुसला नव्हता. तरीही यंत्र आंधळे झाले ते ह्यामुळे.

ह्यावरील तोड मोठी मौजेची आहे. नोंदी १२८ ऐवजी ५६च ठेवाव्यात. ५६ गुणिले १२८ म्हणजे ७१६८. त्यात आरंभीचे १०२४ मिळविले की बरोबर ८१९२. वाटणीपत्र दरवाज्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. छप्पन्न हिस्सेदार कोणत्याही घराला पुरे व्हावेत.

आता प्रत्यक्ष उपाय. पहिली गोष्ट म्हणजे हात आवरणे. बिघडलेल्या साठ्यावर काहीही लिहावयाचे नाही. तो दुसऱ्या संगणकाला जोडला की पडद्यावर विचारणा होते, 'हा साठा वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाचा आहे काय?' तेथे 'होय' म्हणणे म्हणजे यादी हरवली म्हणून पुस्तकेच रद्दीत घालणे. जुन्या फिरत्या चकतीवर अशी चूक झाली तरी खालचे पुष्कळसे तसेच राहात असे व काही परत मिळत असे. फ्लॅशवर तसा भरवसा धरता येत नाही. लिनक्समधील नेहमीची फॉरमॅट करणारी आज्ञावली चिपेतील त्या अदृश्य कारभाऱ्याला आधीच कळविते की आता ही सर्व जागा निकामी समजावी. कारभारी ते मनावर घेतो व गठ्ठे खरोखर रिकामे करतो. मग टेस्टडिस्क काय किंवा आणखी कोणी काय, रिकाम्या मांडणीवर काय वाचणार?

दुसरी गोष्ट, यंत्र बाहेरून जागे करणे. अशा फळीला बहुधा एका काढघाल करण्याजोग्या एसडी कार्डाची खाच असते. त्या कार्डावर निराळी कार्यप्रणाली घालून यंत्र सुरू करता येते. येथेही एक खोच आहे. लिनक्स ह्या साठ्यांना शून्य, एक असे क्रमांक देतो, व काल ज्याचा क्रमांक शून्य होता त्याचा आज एक असू शकतो. ज्याने काल पाठ केलेला क्रमांक आज न पाहता टंकला, तो बऱ्या साठ्यावर शस्त्रक्रिया करून बसतो. प्रत्येक वेळी आकार पाहून ओळख पटवावी. आकार पाहतानाही गोंधळू नये. बाजारात १६ जीबी म्हणून विकलेला साठा १६०० कोटी बाइटांच्या आसपास असतो, परंतु १०२४च्या पटीत मोजणारा संगणक तो १४.९ एवढाच दाखवितो. उरलेली जागा कोणी चोरलेली नसते. तसेच ईएमएमसीच्या मुख्य साठ्याशेजारी दोन अगदी लहान 'बूट' विभाग व एक कुलूपबंद विभाग वेगळे दिसतात. हे वाटणीतील हिस्से नव्हेत. ते चिपेच्या कारखान्यातूनच तसे आलेले असतात. मोकळी जागा समजून ते मिळवून घेण्याचा उद्योग करू नये.

तिसरी गोष्ट, नक्कल. सबंध साठा, आरंभापासून अखेरपर्यंत, खण न् खण जसाच्या तसा एखाद्या मोठ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावयाचा व मूळ चिपेला पुन्हा हात लावावयाचा नाही. पुढील सारे प्रयोग त्या नकलेवर. जुन्या पोथीची दुरुस्ती करणारा माणूस मूळ पानावर शाई चालवीत नाही. ही पायरी कंटाळवाणी आहे, तासभर घेते, आणि नेमकी तीच गाळली जाते.

चुकीच्या निदानाचे आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. कधी कधी माणूस हिस्सा पुसतो, नवा पाडतो, यंत्र 'झाले' म्हणून सांगते. बंद करून पुन्हा सुरू करावे तो जुनी वाटणी जशीच्या तशी परत हजर! भुताटकीच वाटावी. एक शक्यता साधी असते. साठा वापरात असताना लिनक्स नवे वाटणीपत्र वाचावयास नकार देतो व 'साधन कामात आहे' असे सांगतो. यंत्र पुन्हा सुरू केले की ते वाचले जाते. परंतु पुन्हा सुरू केल्यावरही जुनेच दिसत असेल, तर समजावे की चिपेचे आयुष्य सरले आहे व आता ती फक्त वाचू देते, लिहून घेत नाही. तिच्याकडे रागाने पाहू नये. उरलेला श्वास ती जुने जपण्यासाठी वापरीत आहे. ताबडतोब नक्कल घ्यावी. अलीकडच्या ईएमएमसी चिपा आपली झीज स्वतःच सांगतात. दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी हा आकडा चढत जातो व अकरावर गेला की कारखान्याने गृहीत धरलेले आयुष्य ओलांडले गेले, असा अर्थ होतो.

ही झीज म्हणजे पुस्तकी भीती नव्हे. २०२१ साली अमेरिकेत टेस्ला कंपनीला सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण त्यांच्या मधल्या पडद्यामागील ८ जीबीची ईएमएमसी चिप सततच्या लेखनाने झिजत होती, व पडदा गेला की मागे पाहण्याचा कॅमेराही जात होता. एवढी महागडी गाडी आणि नखाएवढी चिप!

घराघरांतील आणि मोटारींतील ह्या दुखण्याची सर्वांत दूरची केस मंगळावरची आहे. अमेरिकेची 'स्पिरिट' ही गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली आणि २१ जानेवारीला तिचे बोलणे तुटले. तिच्याजवळ २५६ मेगाबाइट फ्लॅश व १२८ मेगाबाइट चालू स्मृती होती. प्रवासात व उतरल्यावर फ्लॅशमध्ये हजारो फायली साचल्या होत्या. गाडी जागी होताना त्या सर्वांची यादी चालू स्मृतीत मांडू पाहात असे, यादी तेथे मावत नसे, आणि गाडी कोलमडून पुन्हा सुरू होत असे. असे साठांहून अधिक वेळा झाले. तिला रात्री झोपही लागेना व बॅटरी उतरू लागली. पृथ्वीवरील अभियंत्यांनी शेवटी अशी आज्ञा पाठविली की, फ्लॅशकडे न पाहताच जागी हो. दांडिया बाजारातील नातू एसडी कार्ड घालून जे करतो तेच हे. फक्त अंतर कोट्यवधी किलोमीटरांचे. गाडी जागी झाली, तिच्यातील महत्त्वाची माहिती उतरवून घेण्यात आली, आणि फेब्रुवारीत फ्लॅश फॉरमॅट केली गेली. नव्वद दिवसांसाठी गेलेली ती गाडी २०१० पर्यंत बोलत राहिली. तिची जुळी बहीण 'ऑपॉर्च्युनिटी' हिला म्हातारपणी विस्मृती जडली. २०१४ च्या अखेरीस तिच्या फ्लॅशच्या सात पेढ्यांपैकी सातवी खराब असल्याचे निदान झाले, आणि २०१५ च्या मार्चमध्ये ती सातवी पेढी वाटणीतून वगळून उरलेल्या सहांवर संसार नव्याने मांडण्यात आला. तिची तक्रार त्यामुळे पुरती थांबली नाही, हेही खरे. तरी ती जून २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत चालली.

दांडिया बाजारातील घरी परत येऊ. नातवाने हिस्से पुसले व वाटणीपत्र बदलले, पण सुदैवाने फॉरमॅट केले नव्हते. त्याने एसडी कार्डावरून यंत्र सुरू केले, आकार पाहून चिप ओळखली व पूर्ण नक्कल घेतली. टेस्टडिस्कला त्या नकलेवर फिरवले तेव्हा तिला दोन पाट्या सापडल्या, एक कार्यप्रणालीची व दुसरी ध्वनिमुद्रणांची. दुसरा हिस्सा त्याने 'फक्त वाचण्यापुरता' उघडला, आणि मूळ चिपेला पुन्हा हात लावण्यापूर्वी सगळी ध्वनिमुद्रणे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून ठेवली. मग सावकाशीने मूळ चिपेवर जुन्याच पद्धतीचे वाटणीपत्र लिहिले, देवडीची आज्ञावली पुन्हा ८१९२व्या बाइटावर बसविली, कार्ड काढले व यंत्र सुरू केले.

लिनक्समध्ये सबंध वाटणी चार-सहा ओळींत छापून देण्याची सोय आहे: कोणता हिस्सा कोणत्या खणापासून सुरू, किती लांब, कोणत्या प्रकारचा. नातवाने तो कागद छापला, खाली तारीख घातली. आजीने तो मागून घेतला, चष्म्यातून वरपासून खालपर्यंत पाहिला, एक अक्षर कळले नाही तरी घडी घातली, आणि कपाटातील दोन रुमालांपैकी वरच्या रुमालात, मोडी पत्रांच्या वर ठेवून गाठ मारली. तोवर दिवे लागले होते, आणि आतल्या खोलीत आजोबा एका न लागणाऱ्या अक्षरापाशी येऊन थांबले होते.